घागर आधी, कढई मागून

खोमदोनबीच्या विरोधात संयुक्त कृती समिती स्थापन झाली, ती एका बेडकीपायी.

आता इंफाळच्या खोऱ्यात समिती स्थापन होणं यात विशेष काही नाही. रस्त्याला खड्डा पडला की समिती, कुणाचा बैल कुणाच्या कोबीत शिरला की समिती, आणि बैल आपणहून बाहेर आला तर त्याच्या सत्कारासाठी आणखी एक. पण गोष्टीतल्या बेडकीविरुद्ध समिती, तिला अध्यक्ष, तिचा बांबूचा मांडव, वर कापडी फलक, हे मात्र हैनौ लैकाई या आळीनंसुद्धा पहिल्यांदाच पाहिलं.

खोमदोनबी तशी साधी बाई हो. उंचीनं बेताची, आवाजानं बेसुमार. तळ्यातलं पाणगवत वाळवून त्याच्या चटया आणि बसायचे मोढे विणायची. हात गवतात, तोंड गोष्टीत. संध्याकाळी चूल पेटली की आळीतली पोरं एकेक काटकी घेऊन हजर. काटकी हे तिकीट. काटकी ओली निघाली तर मागच्या रांगेत. आणि गोष्टीचा कायदा एकच, पण कडक: दर वाक्याला ऐकणाऱ्यांनी 'होई' म्हणायचं. होई, म्हणजे हो. होई आलं नाही तर गोष्ट तिथेच, बगळ्यासारखी एक पाय वर करून उभी. पोरंही कमी नव्हती. कालच्यापेक्षा एक शब्द इकडचा तिकडे झाला की होई बंद. मग पुन्हा 'एक होता भाऊ' पासून सुरुवात.

तर एक होता भाऊ, आईवेगळा. आणि त्याच्या घरात राहायची एक बेडकी. ही बेडकी त्याची थोरली बहीणच. बहिणीची बेडकी कशी झाली, असं एखादं शहाणं पोर विचारायचं. खोमदोनबी लगेच म्हणायची, "तुझी आत्या काय जन्मल्यापासून आत्या होती? झाली ना? तशीच ही पण झाली. होई म्हण."

बेडकी रोज सकाळी खाकरायची. "ख्हं!" मग म्हणायची, "मीठ कमी आहे." आणि घरातली एक वस्तू गिळायची. कढई गिळली, आईची घागर गिळली, काशाचा वाडगा गिळला, मासे धरायचा झाप, मागाचा धोटा, पाट, चटई, दाराची कडी, सगळं गट्टम. भाऊ रडायचा, बेडकी ढेकर द्यायची, पोरं लोळायची. भाताची कणगी गिळून होईपर्यंत आयांच्या हाका सुरू, "जेवायला या रे मेल्यांनो!" त्यामुळे कणगीपुढे काय झालं ते आजवर कुणी ऐकलं नव्हतं. विचारलंही नव्हतं. गिळण्यावर सगळे खूष होते.

ही गोष्ट खोमदोनबीला लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात नवऱ्यानं सांगितली होती. तुकड्यातुकड्यानं, खाकरण्यासकट. नवरा कुलाबिधू. तुम्हाला कुणी सांगितली, असं तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ऐकली असेल कुठेतरी." त्याच्याकडून याहून जास्त मिळायचं नाही. सकाळी काय जेवला ते दुपारी त्याला बायकोला विचारावं लागायचं.

गोष्टीत खोमदोनबीनं स्वतःच्या पदरचं एकच घातलं होतं. बेडकीच्या हनुवटीवर तीळ. झालं काय, ते खाकरणं आणि मिठाचं गाऱ्हाणं तोंडून निघालं की तिच्या डोळ्यासमोर तिची नणंद उभी राहायची. नणंदेच्या हनुवटीवर तीळ होता. आता हा मोह कुठल्या भावजयीला आवरला असता, तुम्हीच सांगा!

नणंदेचं नाव लांधोनी, पण तिला सगळी आळी इचे म्हणायची, म्हणजे ताई. तिच्या सासरची थांबाल लैकाई नदीपलीकडे. आईबाप गेले तेव्हा कुलाबिधूचे दुधाचे दात पडत होते. इचेनंच त्याला वाढवला. इतका वाढवला की खोमदोनबीला पळवून न्यायच्या दिवशी तो इचेला सोबत घेऊन आला. इथे पोरीला पळवून नेणं रीतीतच बसतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण वराची बहीण पुढे कंदील धरून, मधे वधू, आणि वर सगळ्यांच्या मागे, अशी पळापळ कुणी पाहिली नव्हती. वाटेत खोमदोनबीची चप्पल तुटली. कुलाबिधू म्हणाला, "इचे, हिची चप्पल तुटली." जसं काही हिला इचेनंच पळवलं होतं! इचेनं आपली चप्पल काढून दिली, घरच्या सुनेला मारतात तशी 'मौ' हाक मारली आणि म्हणाली, "मौ, चालायचं बघ. हा अंगणात पोचेपर्यंत विचार बदलायचा." भावाचा संसार लावून दिला, मगच तिनं स्वतःचं लग्न केलं.

तेव्हापासून निंगोल चाक्कौबा चुकला नाही. लेकीबाळींनी माहेरी येऊन जेवायचं, भावाला तोंडभरून आशीर्वाद द्यायचे, असा हा दिवस. इचे सत्तरी ओलांडून गेली तरी त्या दिवशी लेकच. यायची, बसायची, ख्हं करायची, पहिल्या घासाला "मीठ कमी आहे" म्हणायची आणि सगळं चाटूनपुसून खायची. खोमदोनबीनं एकदा मुद्दाम दुप्पट मीठ घातलं. तरी कमीच होतं.

यंदा सणाच्या थोडे दिवस आधी इचे सहज आली, हातात केळ्यांची फणी घेऊन. फाटकापाशी पोरं खेळत होती. इचेनं घसा साफ केला. "ख्हं!"

पोरं जागच्या जागी थिजली. मग एकजण ओरडला, "बेडकी आली! भांडी लपवा!"

सगळी पांगली. एक पोरगी तर सरळ स्वयंपाकघरात घुसली आणि कढई पोटाशी धरून न्हाणीत जाऊन बसली.

"कोण रे बेडकी?" इचेनं हाताला लागलं ते पोर धरून विचारलं.

"तुम्हीच. तो बघा तीळ. परत ख्हं करा ना!"

इचेनं हनुवटीला हात लावला. घराकडे पाहिलं. खोमदोनबी दारात उभी, हातात अर्धा विणलेला मोढा. दोघींची नजरानजर झाली. इचे वळली आणि केळ्यांसकट चालती झाली.

"केळी तरी ठेवून जा इचे!" खोमदोनबीच्या तोंडून निघून गेलं. आता हे काय बोलायचं झालं? पण काही माणसांचं तोंड त्यांच्या आधी घराबाहेर पडतं.

कुलाबिधू रीतीप्रमाणे पानसुपारी घेऊन आमंत्रणाला गेला. पोरानं जायचं असतं, पण पोरगा नोकरीला गुवाहाटीत, म्हणून साठी उलटलेला हाच सायकलवर. पानसुपारी जशी गेली तशी परत आली. वर निरोप, "बेडकीला कोण जेवायला बोलावतं? या घराचं तोंड बघणार नाही."

त्या दिवसापासून त्यानं बायकोशी बोलणं टाकलं. तळ्यात इचेसाठी म्हणून एक मोठा मासा वर्षभर पोसलेला होता, त्याच्याशी जाऊन बोलायचा. काठावर उकिडवा बसून म्हणायचा, "आता तुझं काय करायचं रे बाबा?" खोमदोनबी घरातून ओरडायची, "त्याला काय विचारता? त्याला तर आनंदच झालाय!" पण भात तसाच ताटात राहायचा, आणि तिच्या घशाखालीही घास उतरत नव्हता. चप्पल काढून देणाऱ्या बाईला माहेरचं दार आपल्यापायी बंद झालं, हे काही तिला पचत नव्हतं. इचे आली नाही तर हा माणूस वाळून काटकी होणार, हेही दिसत होतं.

तेवढ्यात थांबाल लैकाईच्या ओजा नोंग्याय यांनी बातमी पकडली. ओजा म्हणजे गुरुजी, निवृत्त झालेले. बाकीच्यांना निवृत्तीनंतर बागकाम सुचतं, यांना समित्या सुचायच्या. दुसऱ्याच सकाळी 'बेडकी-विरोधी संयुक्त कृती समिती' तयार. मागणी एकच, बेडकी बिनशर्त मागे घ्या.

हैनौ लैकाईच्या क्लबात बैठक भरली. इकडची मंडळी म्हणाली, बेडकी हा आळीचा ठेवा आहे, तिला हात लावू देणार नाही. ओजा म्हणाले, "मग दुसरा प्राणी घाला. आम्ही पाणमांजराला तयार आहोत."

"पाणमांजर!" खोमदोनबी फिस्सकन हसली. "ओजा, पाणमांजराचा गळा पाहिलात का? त्यातून घागर जाईल?"

"गोष्टीत जाईल."

"गोष्ट म्हणून काय वाटेल ते सांगायचं?"

यावर ओजांनी चष्मा पुसला. कुलाबिधू मात्र कोपऱ्यातून बायकोकडे असा बघत होता की तिनं मुकाट्यानं मान हलवली. बरं बाई, पाणमांजर तर पाणमांजर.

संध्याकाळी तिनं सुरुवात केली, "एक होता भाऊ."

"होई."

"त्याच्या घरात राहायचं एक पाणमांजर."

चूल तडतडली. होई नाही. पोरं तोंडं मिटून बसलेली. खोमदोनबीनं पुन्हा सांगितलं, गोड आवाजात सांगितलं, गूळ दाखवून सांगितलं. एक पोरगी म्हणाली, "इबोक, काटक्या परत द्या." आणि खरंच, पेटायच्या राहिलेल्या काटक्या उचलून सगळी आपल्या इबोकच्या, म्हणजे आजीच्या, चुलीपासून उठून गेली.

पाणमांजर फसलं. समितीनं धरणं जाहीर केलं.

सकाळी फाटकाच्या आत, अंगणातच मांडव उभा. नदीपलीकडच्या बायका चटया टाकून बसल्या, फलकावर बेडकी काढून तिच्यावर लाल फुली मारलेली. बेडकी छान जमली होती, जरा कुलाबिधूसारखी दिसत होती. मधोमध खुर्चीवर इचे, पण घराकडे पाठ करून. या घराचं तोंड बघणार नाही असं म्हणाली होती ना, मग धरणं धरायचं तर असंच.

"गोष्टीतली बेडकी!" ओजा ओरडायचे.

"मागे घ्या, मागे घ्या!" बायका म्हणायच्या.

खोमदोनबीनं चहा पाठवला. धरणं होतं, उपास नव्हता, म्हणून त्यांनी घेतला. दुपारी तिनं चण्याची आणि केळफुलाची तिखट कोशिंबीर, सिंगजू, पाठवली. तीही गेली. इचेला वाटी दिली तेव्हा ती पाठमोरीच राहून हात मागे करून म्हणाली, "मीठ कमी आहे," आणि वाटी रिकामी परत दिली. पलीकडच्या बायकांनी खोमदोनबीचे मोढे बघितले, भाव विचारले, दोघीतिघींनी ठरवूनही टाकले. घोषणा जरा पातळ झाल्या.

दिवस कलला. अंगणात गारठा उतरला तशा बायका एकेक करून चुलीच्या उबेकडे सरकल्या. मांडवात राहिली ती इचेची खुर्ची आणि ओजा. चुलीपाशी पोरंही आली, काटक्या घेऊन. बेडकी परत आणणार असाल तरच बसतो म्हणाली.

खोमदोनबीनं सगळ्यांकडे पाहिलं. शत्रूच्या बायका, आपली पोरं, आणि दारातून दिसणारी ती ताठ पाठ. आता सांगितली तर इचे कायमची तुटली, नाही सांगितली तर घशात अडकून आपण मरणार. आणि तुम्हाला सांगायला नको, तिनं सांगितली.

"एक होता भाऊ."

"होई!" यात बायकांचंही होई होतं. एकीनं तर घोषणेच्या सवयीनं मूठ वर केली.

"त्याच्या घरात राहायची एक बेडकी." अंगणात खुर्ची करकरली. "बेडकी सकाळी उठायची, खाकरायची. ख्हं!"

"होई!"

"म्हणायची मीठ कमी आहे. आणि मग तिनं गिळली कढई."

"होई!"

"मग गिळली आईची घागर."

"घागर आधी!"

आवाज अंगणातून आला होता. सगळ्यांच्या माना तिकडे. इचेनं खुर्ची आडवी वळवली होती. पाठ आता अर्धी आळीकडे होती.

"घागर आधी, कढई मागून," इचे म्हणाली. "कढई आधी गिळली तर शिजवायचं कशात? अक्कल आहे का? आधी आईची घागर, मग वाडगा. कढई अगदी शेवटी. आणि चुलीवरची लोखंडी तिवई कुठे गेली? ती का गाळली?"

"तिवई नाही गोष्टीत," एक पोर म्हणालं.

"नाही कशी? तीच तर जड होती. बाजारापर्यंत नेताना खांदा सोलला माझा."

चुलीतली काटकी ढासळली. खोमदोनबीच्या हातातलं गवत तसंच राहिलं.

"इचे," ती हळूच म्हणाली, "ही गोष्ट तुमची?"

"माझी कसली? गोष्ट होती का ती?" इचेचा आवाज चिडका होता. "आई गेली त्या वर्षी घरात दाणा नव्हता. एकेक भांडं बाजारात नेऊन विकत होते, तांदूळ आणत होते. हा मेला रोज विचारायचा, घागर कुठाय? वाडगा कुठाय? विकला म्हटलं असतं तर आईसाठी रडत बसला असता. मग म्हणायचे, बेडकीनं गिळला. कुठली बेडकी? म्हटलं, मीच. बघ कशी खाकरते. ख्हं! मग हसायचा. हसता हसता झोपायचा, पोटात काही नसलं तरी."

"आणि मीठ?" एका बाईनं विचारलं.

"मीठ नव्हतंच घरात. कमीच असणार ना!"

कुलाबिधू तळ्यावरून आला होता. दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. इतक्या वर्षांनी काहीतरी आठवल्यासारखा चेहरा झाला त्याचा, आणि तोंडातून निघालं काय, तर, "इचे, मला वाटलं खरंच बेडकी होती."

"तुला काय नाही वाटलं!" इचे म्हणाली, आणि मग तिनं खुर्ची पूर्ण घराकडे फिरवली.

आता ओजांची पंचाईत. ज्या बेडकीविरुद्ध समिती, ती बेडकी तक्रारदार बाईनंच सोडलेली. त्यांनी नियम आठवून पाहिले. शेवटी घसा खाकरून म्हणाले, "निदान तिळाचं काय? तो तर नंतरचा आहे."

खोमदोनबी लाजेनं लाल झाली. "तीळ माझा. तीळ काढते."

"काढू नकोस," इचे म्हणाली. "पोरं होई म्हणायची नाहीत. पण मौ, पोरांना तू डावीकडे सांगितलास ना? त्या दिवशी फाटकापाशी ते पोर डाव्या बाजूला बोट दाखवत होतं. उजवीकडे आहे. बघ." आणि तिनं हनुवटी चुलीच्या उजेडात धरली. पोरांनी रांगेनं येऊन तीळ तपासला. दुरुस्ती मंजूर झाली, घागर-कढईसकट.

एवढ्यात मागच्या रांगेतलं ओल्या काटकीवालं पोर म्हणालं, "मग पुढे काय झालं? कणगी गिळल्यावर?"

सगळे खोमदोनबीकडे बघायला लागले. खोमदोनबी कुलाबिधूकडे. कुलाबिधू इचेकडे.

"पुढे काय होणार?" इचे म्हणाली. "हा झोपायचा."

"म्हणजे शेवटच नाही?" पोरांचा गलका झाला. "इतक्या काटक्या आणल्या आम्ही!" ओजांचे डोळे लगेच चमकले. शेवटाच्या मागणीसाठी एक समिती सहज बसत होती. बायकांनी त्यांना खाली बसवलं.

इचे उठून स्वयंपाकघरातल्या भिंतीशी रचलेल्या भांड्यांकडे बघून आली. कढई होती, घागर होती, भावाच्या संसारातली, एकावर एक. मग म्हणाली, "शेवट सणाच्या दिवशी. जेवल्याशिवाय मला सुचत नाही."

कुलाबिधू तिथूनच तळ्याकडे धावला. माशाला सांगायला असणार.

सणाच्या दिवशी इचे आली. नवी शाल, हातात केळी, तीच असावीत अशी काळी पडलेली. मागून अख्खी समिती, कारण ती कुणी बरखास्त केलीच नव्हती, आणि सोबत ओजा, जे कुठल्याच घरची लेक नव्हते. खोमदोनबीनं तोंडातल्या तोंडात दोन शब्द वापरले आणि भात वाढवला. मासा रश्शात, उकडलेल्या भाज्यांचा एरोंबा, काळ्या तांदळाची खीर. पोरं खिडकीत माकडांसारखी लटकलेली.

इचे पाटावर बसली. कुलाबिधू तिच्यासमोर, हात मांडीवर ठेवून, दुधाचे दात पडणाऱ्या पोरासारखा.

"कणगी पण गिळून झाली," इचे म्हणाली.

"होई!" खिडकी म्हणाली.

"घरात काही उरलं नाही. म्हणून बेडकी दुसऱ्या घरी गेली राहायला. भाऊ मोठा झाला. त्यानं नवी भांडी आणली. एक बडबडी बायको आणली."

"होई!" हे सगळ्यात मोठं होई कुलाबिधूचं होतं. खोमदोनबीनं त्याच्याकडे डोळे वटारले आणि इचेच्या ताटात माशाचं डोकं वाढलं.

"आणि वर्षातून एकदा तो बेडकीला जेवायला बोलावतो. ती येते, आणि तिच्यापुढे ठेवतील ते सगळं गिळते."

पोरं वाट बघत राहिली. "मग?"

"मग काय? थांबा, गिळू तर द्या."

इचेनं पहिला घास घेतला. चावला. सगळं घर श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत होतं, ओजासुद्धा. इचेनं घास गिळला, घसा साफ केला, "ख्हं," आणि मौकडे पाहून मान हलवली.

खोमदोनबी मिठाची वाटी घेऊन आधीच उभी होती.